सही कोणाची?

मध्यंतरी ऑफिसात दोन दिवसांचं 'कॉर्पोरेट कम्युनिकेशन'चं ट्रेनिंग झालं. (गेलो, कारण जेवण चांगलं होतं.) पहिलीच स्लाइड: पीआरचा जन्म अमेरिकेत, आयव्ही ली, १९०६. दुसरी स्लाइड: तेल कंपन्यांबरोबर ही विद्या अरब देशांत पोचली. आणि माझं डोकं सटकलं.

पोचली?? अहो, तिथे इस्लामच्याही आधीपासून टोळीला आपला कवी असायचा. आपल्यांचा पराक्रम गायचा आणि शत्रूची अब्रू काढायची, हेच त्याचं काम. अकराव्या शतकातला इब्न रशीक लिहून गेलाय, की एखाद्या टोळीत कवी निपजला की बाकीच्या टोळ्या अभिनंदनाला यायच्या, जेवणावळी उठायच्या! ताइफजवळ उकाझच्या बाजारात कवींचे सामने रंगायचे. पुढे मक्केतल्या कुरैशांच्या कवींना मदिनेतून उत्तर द्यायला खुद्द पैगंबरांनी हस्सान इब्न साबितला पुढे केलं.

आणि शुक्रवारचा खुतबा? त्यात ज्याचं नाव घेतलं जाई, त्याची सत्ता. ११७१ साली सलाहुद्दीनने इजिप्तमध्ये फातिमी खलिफाचं नाव गाळून बगदादच्या अब्बासी खलिफाचं घ्यायला लावलं. दोनशे वर्षांची राजवट संपल्याची बातमी अशी मशिदी-मशिदीतून लोकांपर्यंत गेली. प्रेस रिलीज म्हणजे आणखी काय असतं?

आता "म्हणजे सगळं आधीच होतं!" असं म्हणून नाचायला मी काही पुष्पक विमानवाला नाही. पगारी खातं, गुळगुळीत मासिक, पत्रकारांची उठबस हा साचा अमेरिकेचाच, कबूल. अरामकोचं इंग्रजी मासिक १९४९ पासूनचं आहे. आणि ते कवीही काही संत नव्हते. मुतनब्बीचंच बघा. आधी अलेप्पोच्या सैफ अल-दौलाचे गोडवे गायले, मग बिनसलं तसा इजिप्तच्या काफूरकडे गेला. तिथे सुभेदारीची आशा होती, ती मिळाली नाही, तर त्याच काफूरची त्याच्या रंगावरून आणि पूर्वीच्या गुलामीवरून घाणेरडी टवाळी करून पळाला. चक्क विकाऊ माणूस!

पण एक गोष्ट मानावी लागेल. स्तुती असो की शिवी, खाली नाव मुतनब्बीचं. कोणी लिहिलं आणि कोणासाठी, हे भर बाजारात माहीत. ९६५ साली बगदादजवळच्या वाटेवर त्याला गाठून मारलं, ते त्याने ज्याची निंदा केली होती त्याच्याच नातेवाइकाने, असं सांगतात. शब्दाची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागली.

आता १९९० बघा. इराकने कुवेत गिळलेलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत खासदारांसमोर पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी रडत सांगते, की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधली बाळं काढून जमिनीवर टाकली. सुरक्षेचं कारण देऊन तिचं आडनाव लपवलेलं. १९९२ मध्ये कळलं, की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी. साक्ष घडवून आणणारी हिल अँड नोल्टन ही पीआर कंपनी, आणि तिला पैसे देणाऱ्या 'नागरिक' संघटनेमागे जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा. ती गोष्ट सिद्ध झाली नाहीच, पण तोवर युद्ध होऊन गेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. अरबांना जनसंपर्क कोणी शिकवायची गरज नव्हती. आधुनिक पीआरने त्यात नवीन काय आणलं, तर सही पुसायची कला.

हे मी तावातावाने लिहितोय खरं, पण मागच्या वर्षी आमची सिस्टीम सहा तास झोपली, तेव्हा ग्राहकांना गेलेल्या मेलचा मसुदा मीच लिहिला होता. 'काही वापरकर्त्यांना किंचित गैरसोय झाली.' काही म्हणजे सगळ्यांना. खाली सही? 'सपोर्ट टीम'.

मुतनब्बी निदान स्वतःचं नाव घालून खोटं बोलला असता.

असो. उद्या सोमवार.