वाद, जल्प आणि वितंडा

सार्वजनिक प्रश्नांवर सुशिक्षित माणसांनी एकमेकांशी सभ्यपणे बोलावे, एवढी साधी अपेक्षा बाळगणे हेही आता भाबडेपणाचे लक्षण ठरू लागले आहे काय? हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून ज्या वर्गाने विरुद्ध मताचा वक्ता दोन-दोन तास ऐकून घेण्याची सवय अंगी बाणवली, त्याच वर्गाच्या हातातील मोबाइलवर आज काय चालले आहे ते पाहावे. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चौकशी चाललेली असते. मध्येच कोणी एखाद्या पुढाऱ्याची टवाळी करणारे चित्र टाकतो. तासाभरात 'देशद्रोही', 'अंधभक्त', 'विकले गेलेले' असे शब्द शेजाऱ्याने शेजाऱ्यास उद्देशून वापरलेले असतात. सायंकाळपर्यंत दोघे ग्रुप सोडून जातात आणि त्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे ताट समोरच्या दारात जात नाही. हे अडाण्यांचे काम असते, तर शिक्षणप्रसाराने ते सुटेल असे म्हणून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु ही मंडळी पदवीधर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांच्या शिव्यांतील ऱ्हस्वदीर्घ अगदी बिनचूक असतात!

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मांडावयाचे नाही, केवळ दुसऱ्याचे मोडावयाचे, ती वितंडा. गंमत अशी की, न्यायसूत्रकार गौतमाने जल्प आणि वितंडा यांना अगदीच बाद केलेले नाही. कोवळ्या रोपाच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण असावे, तद्वत् सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग आहे, असे त्याने म्हटले आहे. आजच्या राजकीय चर्चेत कुंपण तेवढे माजले आहे, आत रोप कोठे दिसत नाही. त्या जुन्या सभेत आणखी दोन गोष्टी होत्या. एक मध्यस्थ असे, आणि बावीस निग्रहस्थाने असत. वादी अमुक करू लागला की तो हरला, असे ठरवणाऱ्या त्या खुणा. मोबाइलवरील चर्चेत कोणी कधी हरतच नाही. हरला नाही म्हणून थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणून आवाज चढवीत जातो.

पूर्वीचा काळ सोन्याचा होता, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. गोपाळ गणेश आगरकरांची ते जिवंत असताना याच महाराष्ट्रात प्रेतयात्रा काढण्यात आली. आचार्य अत्र्यांनी 'मराठा'च्या स्तंभांतून प्रतिपक्षावर जे आसूड ओढले, त्यांस सौम्य म्हणण्याचे धाडस त्यांचे भक्तही करणार नाहीत. तरी एक भेद आहे. अत्र्यांच्या शब्दांवर अत्र्यांचे नाव असे, आणि 1957 साली ते विधानसभेत निवडून गेले तेव्हा ज्यांच्यावर लिहिले त्यांच्याच समोर त्यांना उभे राहावे लागे. टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, ते आपल्या पत्रांत छापलेल्या मजकुरापायी. शब्द तिखट होता. पण त्याला धनी होता.

असभ्यतेने होणारी हानी दुखावलेल्या मनांत मोजून चालणार नाही. ती मोजावयाची ती गप्प झालेल्या माणसांत. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर जी टवाळी झाली, तिच्यात सुधारक म्हणवणारेही सामील होते. 1885 मध्ये महात्मा फुल्यांना 'सत्सार'मधून आपल्याच सहकाऱ्यांचे कान उपटावे लागले. परंतु ताराबाईंचे त्यानंतरचे दुसरे पुस्तक महाराष्ट्रास मिळाले नाही. एवढ्या धारदार लेखणीची बाई आणि एकच पुस्तक! 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात देशातील 95 स्त्री-राजकारण्यांना उद्देशून केलेल्या ट्विटांची तपासणी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने केली, तेव्हा सुमारे दर सात ट्विटांमागे एक आक्षेपार्ह वा अपमानकारक आढळले. त्यांतील किती जणींनी तेव्हापासून मोजूनमापून बोलावयाचे ठरवले असेल आणि कितींच्या मुलींनी राजकारणाचा विचार सोडला असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात मिळणार नाही.

मग सभ्यता म्हणजे काय? गुळगुळीत बोलणे खासच नव्हे. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषणाचा मसुदा पचला नाही म्हणून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तीत बाबासाहेबांनी काय केले असेल? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर ठेवले. ते उत्तर वाचून पाहावे. त्यात दयामाया नाही, आदबशीर कोलांट्या नाहीत. मुद्द्यामागून मुद्दा घेऊन महात्म्यास जाब विचारला आहे. पण वाचकापुढे दोन्ही बाजू आहेत, प्रतिपक्षाची त्याच्याच शब्दांत. आज आपण प्रतिपक्षाचे अर्धे वाक्य कापून, वर लाल वर्तुळ काढून, पाचशे माणसांस धाडतो आणि त्यास वाद म्हणतो. पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्ष मांडू नये, हा आपल्या शास्त्रचर्चेचा दंडक. बाबासाहेबांनी तो ज्या निर्मळपणे पाळला, तितक्या निर्मळपणे त्या शास्त्रांचे अभिमानी तो आज पाळताना दिसत नाहीत, हे येथे सांगितलेच पाहिजे.

या रोगावर दोन औषधे वारंवार सुचवली जातात. पहिले असे की, प्रत्येकास खऱ्या नावाने लिहिण्याची सक्ती करावी. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ही सक्ती केली. शिवीगाळ म्हणावी तशी हटली नाही. उलट 2011 मध्ये एका कंपनीकडील साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली, आणि 2012 मध्ये तेथील घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्याकडेही शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते; 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये ते 'लोकहितवादी' या नावाने लिहीत. त्यांच्यावर खऱ्या नावाची सक्ती असती, तर ती पत्रे उतरली असती काय? टोपणनाव हा दोष नव्हे. लोकहितवादींच्या मागे भाऊ महाजनांसारखा संपादक उभा होता, मजकुराची जोखीम घेणारा. आज टोपणनाव आहे आणि संपादक नाही.

दुसरे औषध कायद्याचे. त्याची चव महाराष्ट्राने घेतली आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद झाला, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांस पसंती दिली. मजकुरात एकही अपशब्द नव्हता. दोघींना अटक झाली. ज्या 66 अ कलमाचा असा वापर होत होता, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. सभ्यतेचा दंडुका हाती आला की तो प्रथम दुबळ्याच्या पाठीवर पडतो आणि खरा शिवराळ, त्याच्यामागे झुंड असल्यामुळे, सुखाने फिरतो.

आमच्या मते दोष अन्यत्र आहे. चावडीचा मालकच भांडणावर पोट भरीत असेल, तर चावडीवर शांतता कोठून नांदणार? फेसबुकने 2017 पासून 'लाइक'खेरीज इतर भावचिन्हांस, त्यांत संतापाचेही आले, 'लाइक'च्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये कंपनीच्याच कागदपत्रांवरून उघड झाले. म्हणजे ज्या मजकुराने लोक चिडतील तो अधिक लोकांच्या डोळ्यांपुढे जावा, अशी व्यवस्था! दूरचित्रवाणीवर चार चौकटींत चार माणसे एकाच वेळी ओरडतात, तेही त्याच जातीचे. आमच्या व्यवसायास या पापातून हात झटकता येणार नाहीत.

व्यवस्थेने बिघडलेले व्यवस्थेने काही अंशी सुधारतेही. तैवानमध्ये 2015 साली उबर टॅक्सीच्या प्रश्नावर सरकारने 'पोलिस' नावाच्या संगणकीय सभेत लोकांची मते मागवली. तीत एक चमत्कारिक गोष्ट होती. कोणाच्याही विधानावर 'सहमत', 'असहमत' किंवा 'पुढे' एवढेच म्हणता येई. उत्तर देण्याची सोयच नव्हती. ज्यास म्हणावयाचे असेल त्याने आपले स्वतंत्र विधान मांडावे. शिवी देण्यास जागा उरली नाही, तेव्हा टॅक्सीवाले आणि उबरवाले दोघांनाही मान्य अशी विधाने वर आली आणि सरकारने पुढे त्यांच्या आधारे नियम केले. आपल्याकडे व्हॉट्सॲपने 2020 च्या एप्रिलमध्ये, वारंवार पुढे ढकललेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. माणसांचा स्वभाव काही एका महिन्यात पालटला नव्हता. ढकलण्यास थोडे श्रम पडू लागले, इतकेच.

तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे कोणी अशा ग्रुपचे चालक आहेत, आणि या नगरात ते हजारोंनी असतील, त्यांनी आपण मध्यस्थ आहोत हे ओळखावे. सदस्याच्या मजकुराबद्दल चालकास गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तुरुंगाची भीती नाही म्हणून सभापतीने खुर्चीत डुलक्या घ्याव्यात काय? माणसाच्या हेतूवर घसरला तो त्या दिवसापुरता हरला, आणि ज्याचे म्हणणे खोडावयाचे त्याचे म्हणणे आधी त्यास मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, एवढी दोन निग्रहस्थाने जरी त्यांनी नेमली, तरी निम्मे भांडण जागच्या जागी विरेल.

या लेखावर ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी पत्रव्यवहाराच्या सदरासाठी अवश्य लिहावे. पत्र तीनशे शब्दांचे असावे. टोपणनाव चालेल, मात्र खरे नाव व पत्ता आम्हांस कळवावा, तो छापला जाणार नाही. आणि आम्ही येथे काय म्हटले आहे, ते पत्राच्या आरंभी दोन ओळींत लिहावे. भाषा कडक असल्यास आमची तक्रार नाही.