खासबाग पाहिली म्हणणारांस

शनिवार-रविवारची जोडसुट्टी साधून कोल्हापूर पाहून येण्याची चाल पुण्यामुंबईकडील सुशिक्षित दांपत्यांत आता चांगलीच रुळली आहे. तिच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. पतिपत्नींनी मिळून, केवळ आपल्या आनंदाकरिता, एखादे नगर पाहावयास निघावे ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीस ठाऊकच नव्हती. त्या काळी जोडप्याने प्रवास घडे तो नवस फेडण्याकरिता किंवा लग्नकार्याकरिता. आमची तक्रार आहे ती या दोन दिवसांच्या टिपणात खासबाग मैदानाच्या वाट्यास येणाऱ्या पंधरा मिनिटांविषयी.

या टिपणाचा मासला वाचकांच्या परिचयाचा असेलच. शनिवारी अंबाबाईचे दर्शन व भवानी मंडप, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, सायंकाळी रंकाळा, रविवारी पन्हाळा, आणि परतताना चपला व गूळ. भवानी मंडपापासून खासबाग पायी जाण्याइतकी जवळ, म्हणून तीही उरकून घ्यावयाची. पतिराज रिकाम्या मैदानाच्या कडेस उभे राहून चार छायाचित्रे घेतात, बाईसाहेब तोवर बाहेर भेळेच्या गाड्यापाशी थांबतात किंवा साड्यांच्या दुकानाची चौकशी करतात, आणि घरी परतल्यावर त्या चित्रांखाली 'कोल्हापूरचे कोलोसियम' असे लिहून ती आप्तेष्टांस धाडण्यात येतात. खासबाग पाहिली!

आम्ही स्पष्टच म्हणतो की ती पाहिली नाही. रिकामी खासबाग पाहणे म्हणजे गवई घरी नसता त्याचा तंबोरा पाहून येणे होय. तंबोरा सुंदर असेल, जुना असेल, थोर माणसाच्या हातचा असेल. पण 'आम्ही गाणे ऐकून आलो' असे कोणी म्हणू लागल्यास त्यास हटकणे भाग आहे.

या मैदानाची कुळकथा अनेकांस ठाऊक आहे, तथापि तिचा अर्थ फारसा कोणी लावीत नाही. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाकरिता विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले, आणि पुढे त्या धर्तीवर कुस्तीचे मैदान उभारविले. ते १९१२ साली पुरे झाले. इतके सर्वजण सांगतात. परंतु त्याच १९०२ सालच्या २६ जुलैस, महाराज विलायतेत असतानाच, सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखण्याचा हुकूम करवीर गॅझेटात प्रसिद्ध झाला, ही गोष्ट मैदानाच्या कथेशी कोणी जोडीत नाही. आम्हांस ती जोडावीशी वाटते. मध्ये हौदा, भोवती वाटीसारखी चढत गेलेली बैठक, आणि कोठेही बसले तरी समोरच्या मुंडाशाआड कुस्ती लपू नये अशी रचना. जो राजा पोरवयापासून तांबड्या मातीत उतरला होता, व ज्याच्या आश्रयास जातधर्म न पाहता मल्ल येत, त्याने हजारो माणसांकरिता बांधलेले हे मैदान आहे. राजास दिसेल तेच शेवटच्या रांगेतील हमालासही दिसावे, ही त्यातील खरी किमया होय.

म्हणून 'कोल्हापूरचे कोलोसियम' हे बिरूद आम्हांस गौरवाचे वाटत नाही. इ.स. ८० मध्ये उघडलेल्या त्या रोमन रंगणात माणसे व श्वापदे मारली जात व लोक ते पाहत. तेथे आसने दर्जावार होती. स्त्रियांस अगदी वरच्या मजल्यावर, गरीबगुरिबांच्या शेजारी, धाडून दिलेले असे. आज ते जोडप्याने पाहावयास जाणारांनी हे ध्यानात घ्यावे की त्या काळी त्यांस शेजारी बसताच आले नसते. महाराजांनी तेथून आकार घेतला आणि आतला आशय टाकून दिला. आम्ही मात्र आकाराचेच नाव घेऊन मिरवितो! दुसरे असे की, कोलोसियममधील खेळ कधीच संपला आहे. म्हणून ते कोणत्याही दिवशी गेले तरी सारखेच दिसते. खासबागेतील खेळ संपलेला नाही, म्हणून ती वाटेल त्या दिवशी दिसत नाही.

तुलनाच हवी असेल तर रोमपेक्षा अमेरिकेकडे पाहावे. बोस्टन शहरातील फेनवे पार्क हे बेसबॉलचे क्रीडांगण २० एप्रिल १९१२ रोजी खुले झाले. म्हणजे ते व आपली खासबाग एकाच सालची. तेथेही दूरदूरची दांपत्ये दोन दिवसांची सवड काढून जातात. पण ती जातात कशाकरिता? बोस्टन रेड सॉक्स संघाचा सामना त्या दिवशी असतो, म्हणून. त्या संघाचे हंगामातील ८१ सामने घरच्या अंगणात ठरलेले असतात. प्रवासी आधी सामन्याचा दिवस पाहतो, मग सुट्टी मागतो, मग गाडीचे तिकीट काढतो. डाव्या अंगाची ती ३७ फूट उंच हिरवी भिंत तो पाहतो ती तिच्यावर चेंडू आदळताना. १९९९ साली हे क्रीडांगण सोडून शेजारी नवे बांधण्याची योजना मालकांनी जाहीर केली होती. लोकांनी विरोध केला, मालकी बदलली, आणि २००५ साली नव्या मालकांनी येथेच राहण्याचे ठरविले. आमच्या मते त्या इमारतीस वाचविले ते तिच्या वयाने नव्हे. तेथे पित्याबरोबर बसलेला मुलगा पुढे आपल्या बायकोस घेऊन त्याच आसनांवर येत राहिला, ही सवय तिच्या कामी आली.

यावर असे म्हणण्यात येईल की, फेनवेत ८१ सामने होतात, खासबागेत मैदान लागते ते वर्षातून मोजक्या वेळी. नोकरदार माणसाने त्याची वाट कोठवर पाहावी? या आक्षेपात तथ्य आहे. पण जे जोडपे हापूसचा हंगाम साधून कोकणात उतरते, धुक्याचा अंदाज घेऊन महाबळेश्वर गाठते, त्यास कुस्तीची तारीख तेवढी जड का व्हावी? ती विचारण्याचे त्याच्या मनातच येत नाही, हे खरे दुखणे आहे. खासबाग ही त्याच्या लेखी 'स्थळ' आहे, आणि स्थळास तारीख नसते.

मैदान लागले म्हणजे काय होते हे अशा प्रवाशास एकदा तरी कळावे. हलगी घुमू लागते. प्रथम पोरासोरांच्या जोडी सुटतात. कोणी रडत उतरतो, कोणी वस्तादाच्या खांद्यावरून मिरवीत जातो. मग चढत्या इनामाच्या कुस्त्या. दोघे मातीस नमस्कार करतात, एकमेकांच्या अंगावर चिमूटभर माती टाकतात, शड्डूचा आवाज बैठकीच्या कडेपर्यंत पोहोचतो, आणि खडाखडी सुरू होते. शेजारी एखादा मुंडासेवाला म्हातारा बसलेला असतो. 'आता ढाक लावील बघा' असे तो पुटपुटतो आणि ढाकच लागते! कोणता पैलवान मोतीबागेचा, कोणता गंगावेशीचा, कोणता शाहूपुरी तालमीचा, हे त्याच्या जिभेवर असते. न विचारता तो खाशाबा जाधवांची गोष्ट सांगेल. राजाराम कॉलेजात शिकलेल्या या मल्लास १९५२ साली हेलसिंकीस जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डीकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, व स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक तेथून आले. ही गोष्ट पुस्तकातही मिळते. पण त्या बैठकीवर, हलगी थांबल्यावेळी, अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडून ती ऐकणे निराळे.

आता भेळेच्या गाड्यापाशी थांबलेल्या बाईसाहेबांकडे वळू. त्यांस आत न्यावे असे पतिराजांस वाटत नाही, आणि त्यांसही जावेसे वाटत नाही. 'कुस्ती म्हणजे पुरुषांचे' हे दोघांनीही न बोलता मान्य केलेले असते. ही समजूत आता शिळी झाली. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या सांगलीत स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मुली हौद्यात उतरल्या, आणि आपल्या सुशिक्षित भगिनी अजून कुंपणाबाहेर! अर्थात दोष त्यांचा एकटीचा नव्हे. मैदानास येणाऱ्या स्त्रीस निर्धास्त बसता येईल अशी जागा, स्वच्छ शौचगृह, पाण्याची सोय, या गोष्टी ज्यांनी पाहावयाच्या त्यांनी त्या पाहिल्याखेरीज जोडप्यांस बोल लावण्याचा आम्हांसही पुरता अधिकार पोहोचत नाही.

आणि कोल्हापूरकरांस दोन शब्द. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पाठीस पाठ लावून उभ्या असलेल्या मैदानासही त्या आगीची झळ लागली. त्या वेळी नगर हळहळले; नाट्यगृह पुन्हा उभारण्याची मागणी एकमुखाने झाली, ती योग्यच होती. महाराजांनी नाटक व कुस्ती यांस शेजारी शेजारी घर दिले होते, आणि त्यातील एक घर डोळ्यांदेखत गेले होते. परंतु आग दिसते, तिचे बंब येतात. मैदानात कुस्त्या विरळ होत गेल्या, बैठकीवर गवत माजले, तर कोणता बंब धावणार? गावोगावच्या जत्रांस मोठी इनामे लागतात, मॅटवरच्या स्पर्धांस सरकारी मान मिळतो; मधल्या मध्ये या मैदानाची तारीख मागे पडू नये म्हणून नगराने करावयाचे काम साधे आहे. वर्षाच्या आरंभीच चार-सहा मैदानांच्या तारखा बांधाव्यात, शक्य तो रविवारी, आणि त्या पुण्यामुंबईपर्यंत कळतील अशा रीतीने जाहीर कराव्यात. अंबाबाईच्या दर्शनास आलेल्या माणसास धर्मशाळेच्या दारावर ती तारीख दिसली पाहिजे.

तारीख कळल्यावर जोडप्याने काय करावे? पन्हाळा पुढच्या खेपेस ठेवावा. दोन तिकिटे काढावीत, ओळखीपाळखीने फुकट शिरू नये. पैलवानाचे दूध-तूप-बदाम त्या पैशातून येते. उन्हाची टोपी न्यावी, बसावयास एक चादर न्यावी, आणि दिवेलागणीपर्यंत, शेवटची जोड सुटेपर्यंत, उठू नये. चपलांची दुकाने त्यानंतर उघडी नसली तर नसोत.