बेस गिटारसाठी पॉवर ॲम्प घेताय? खोक्यावरचे वॉट नंतर, आधी ओहम बघा

एप्रिलमध्ये भीमजयंती, मग लग्नसराई, पावसाळ्याच्या शेवटी गणपती आणि दुर्गोत्सव. अमरावती-अकोल्यातल्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचं वर्ष असंच जातं. बहुतेक कार्यक्रम मैदानात, नाहीतर भर चौकात. अशा जागी सगळ्यात आधी हरवतो तो बेस गिटारचा आवाज. मग वादक पैसे जमवून दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वॉटचं मशीन आहे?’ याच एका प्रश्नावर खरेदी झाली, तर सीझनची कमाई वाया जाऊ शकते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बऱ्याचदा ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’चा असतो. ॲम्प क्षणभर किती झेप घेऊ शकतो, एवढंच तो सांगतो. सलग किती ताकद मिळेल ते ‘आरएमएस’ वॉटवरून कळतं, आणि तो आकडाही किती ओहमवर मोजलाय हे सोबत लिहिलेलं नसेल तर फारसा कामाचा नाही.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर ऐकू यायचा तर स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. खोलीत भिंतींची मदत होते. मैदानात ती नसते.

म्हणून दुप्पट वॉटचा ॲम्प घ्यावा का? हिशेब बघा. ३०० वॉटवरून ६०० वर गेलात, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे जवळपास दहापट ताकद. त्याऐवजी आहे त्या ८ ओहमच्या बॉक्सला तसाच दुसरा जोडला, तर भार ४ ओहम होतो, ॲम्पमधून जास्त ताकद निघते आणि हवा ढकलणारे कोनही दुप्पट होतात. खालच्या स्वरांत यातून ६ डेसिबलपर्यंत फायदा मिळू शकतो. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर मोठ्या मशीनपेक्षा दुसरा बॉक्स घेणं शहाणपणाचं.

अर्थात तुमचा ॲम्प ४ ओहम पेलणारा हवा. ‘ब्रिज’ करून वाजवणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. ब्रिजमध्ये ४ ओहमचा भार प्रत्येक चॅनलला २ ओहमसारखा भासतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना असा ॲम्प तापून मध्येच बंद पडला, तर दोष मशीनचा नसतो.

ॲम्प बॉक्सच्या सलग क्षमतेच्या साधारण दीडपट असला तर बरा. फार लहान ॲम्प पूर्ण उघडून वाजवला की लहरींचे माथे कापले जातात. आवाज फाटतो आणि आधी हॉर्न जळतो. पण मोठा ॲम्प आहे म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर वूफरची कॉइलही जाईल. ती पुन्हा गुंडाळून मिळते, पण त्या रात्रीचा कार्यक्रम परत मिळत नाही.

आता क्लास-डी की जुना क्लास-एबी? क्लास-डी हलका, कमी तापणारा, खांद्यावरच्या बॅगेतही मावतो. एसटीने किंवा दुचाकीने फिरणाऱ्याला तोच सोयीचा. क्लास-एबी मात्र जड ट्रान्सफॉर्मरमुळे दोघांनी उचलायचं काम. तरीही पार्टीचा स्वतःचा टेम्पो असेल, तर वऱ्हाडात एबीच घ्यावा. ट्रान्झिस्टर उडाला तर गावातला मेकॅनिक बदलून देतो. क्लास-डीचा बारीक पार्टचा बोर्ड बिघडला की बऱ्याचदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो मागवून येईपर्यंत तारखा निघून जातात.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. नुसत्या पॉवर ॲम्पला गिटार थेट लावली तर आवाज मरतुकडा येतो. आधी प्रीॲम्प किंवा मिक्सर लागतोच. तोही खर्च धरा.

घेण्याआधी स्वतःचा बॉक्स आणि गिटार दुकानात न्या. जाड तार मोकळी छेडत दहा मिनिटं वाजवा, मग ॲम्पवर हात ठेवून किती तापला ते बघा. आणि मांडवात पोहोचल्यावर जनरेटरचं अर्थिंग तपासल्याशिवाय तारेला आणि माईकला एकाच वेळी हात लावू नका.