जन्माने दुष्ट! : खेळातला राक्षस आणि कायद्यातला 'गुन्हेगार'

राक्षस, असुर, नाग ही मंडळी आता केवळ पोथीपुराणांत राहिलेली नाहीत. ती मुलांच्या मोबाईलवर आणि संगणकावर आली आहेत. गिरडसारख्या गावातला मुलगाही बोटाच्या एका टिचकीसरशी असुर मारतो आणि गुण मिळवतो. 'खेळच तो, खेळू द्या' म्हणून आपण सोडून देतो. पण खेळ नियमांवर चालतो आणि प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी विचार असतो. तो विचार तपासायला नको काय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. खेळणाऱ्याने एक भूमिका घ्यायची आणि त्या पात्राचा 'वंश' निवडायचा. एल्फ हे उत्तर युरोपच्या लोककथांतले पात्र. टॉल्कीनच्या १९५४-५५ च्या कादंबरीत एल्फ देखणे, शहाणे आणि अमर झाले, तर ऑर्क कुरूप आणि क्रूर. खेळाने हीच विभागणी उचलली. एल्फ जन्मतःच चपळ, ड्वार्फ जन्मतःच काटक. शिवाय प्रत्येक प्राण्यापुढे तो सज्जन की दुर्जन हेही छापलेले. एल्फांची एक शाखा काळ्या कातडीची, तिचे नाव ड्रौ. ती नेमकी दुष्ट ठरवली गेली. गोरा तो सज्जन, काळा तो दुर्जन! याला योगायोग म्हणायचे काय?

आता आपल्याकडे वळू. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात भारतातला म्हणून राक्षस आला. वाघाच्या तोंडाचा, मायावी आणि दुष्ट. नागही आले, माणसाच्या डोक्याचे साप म्हणून. ज्या नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले, ते तिथे सरपटणारे जनावर झाले. पण अमेरिकनांना तरी दोष का द्यावा? आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. चित्रकारी सुंदर, नायिका एक साधी मुलगी. आणि शत्रू कोण? महाबलासुर! देवांच्या बाजूने लढायचे आणि असुर मारायचे, ही चौकट तशीच राहिली.

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ही चौकट उलटी करून दाखवली. त्यांनी बळीला इथला न्यायी राजा मानले आणि वामनाला आक्रमक. झारखंडमध्ये असुर नावाची आदिवासी जमात आजही आहे. मेळघाटचा कोरकू मेघनादाला पूजतो. एकाचा खलनायक दुसऱ्याचा पूर्वज असू शकतो, एवढे भान तरी खेळ करणाऱ्यांनी ठेवायला हवे.

कथेला कुणाचा विरोध नाही. आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका. टेकडीवरचे ते गोळे म्हणजे बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट खनिज, हे भूशास्त्र सांगते. तरीही ती कथा निरुपद्रवी आहे, कारण तिच्यातली शिक्षा थट्टा करणाऱ्याला आहे, त्याच्या जातीला नाही. माणसाच्या कृत्याची कथा वेगळी आणि त्याच्या जन्माचा नियम वेगळा.

हा जन्माचा नियम खेळात तोंडी लावण्यापुरता असतो. कायद्यात तो पिढ्या खातो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९२४ मध्ये तो आणखी घट्ट झाला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींवर जन्माचा शिक्का बसला. कुणी काय केले हे पाहायचे कारणच उरले नाही. नोंद, हजेरी, परवाना, तारेचे कुंपण! खेळाच्या पुस्तकात ऑर्कपुढे जे छापले होते, तेच सरकारने माणसांपुढे छापले.

१९५२ मध्ये तो कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. नाव बदलले, पोलिसांची नजर बदलली नाही. शेवटी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारित कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. म्हणजे संविधान लागू झाल्यावर ७४ वर्षांनी!

खेळवाल्यांनाही जाग आली. ऑर्क आणि ड्रौ यांना इतरांइतकेच भले-बुरे दाखवू, असे कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले. 'वंश' शब्द सोडून 'प्रजाती' घेण्याचे २०२२ मध्ये ठरले. पण केवळ शब्द बदलून काय होते? 'प्रजाती' म्हटल्याने दोन समूहांतली भिंत उलट अधिकच नैसर्गिक वाटते. खरी सुधारणा दुसरीच आहे. २०२४ च्या नव्या पुस्तकात ताकद, चपळाई, बुद्धी यांची वाढ वंशावरून मिळत नाही. पात्र कुठे वाढले, काय शिकले, कोणते काम केले यावरून मिळते. शिक्षण आणि संधी मिळाली की माणूस घडतो, हे आपण किती वर्षे सांगतो आहोत!

कोणताही बदल तपासताना हीच कसोटी लावावी : फक्त नाव बदलले की नियमही बदलला? आपली मुले आता संगणक शिकत आहेत. उद्या ती खेळ तयार करतील. त्यांनी बळीच्या बाजूने एक तरी खेळ काढावा. मात्र त्या खेळातही कोणी जन्माने दुष्ट नसावा, वामनाच्या घरचा मुलगासुद्धा नाही. नियम उलटा फिरवणे म्हणजे नियम मोडणे नव्हे.