मात कुणावर?

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानासाठी एक वाक्य वर्षानुवर्षे तयार ठेवलेले असते : 'अपंगत्वावर मात करून तिने हे यश संपादन केले'. नाव, गाव आणि खेळ तेवढा बदलायचा. अलीकडच्या दहा वर्षांत 'अपंग' जाऊन तिथे 'दिव्यांग' आले. वाक्याचा सांगाडा मात्र जसाच्या तसा राहिला. मराठी शिकविण्याचा व्यवसाय असल्यामुळे आम्हांला हे वाक्य आधी भाषेच्या अंगाने खटकते. 'मात' हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आपल्याकडे आला. तिथे समोर कुणी तरी बसलेले असते, आणि ते हरते. पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात जाळीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या खुर्च्याच असतात. जिंकणारीने जर अपंगत्वावर मात केली असेल, तर हरणारीचे काय झाले? तिच्यावर अपंगत्वाने मात केली? वाक्य लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे सामना झालेलाच नसतो. एक स्त्री खुर्चीत बसून खेळली, एवढीच ती बातमी असते.

या वाक्याने सर्वांत मोठा अन्याय कुणावर केला असेल, तर तो एस्थर व्हर्गीर या डच खेळाडूवर. १९८१ साली वुर्डेन या गावी जन्मलेल्या या मुलीचे पाय आठव्या वर्षी, मणक्यातील रक्तस्रावामुळे कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेनंतर, निकामी झाले. तिच्यावरच्या बहुतेक लेखांचा अर्धा भाग इथेच खर्ची पडतो. वस्तुत: तिच्या टेनिसच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट पुढची आहे : ती आधी चाकाच्या खुर्चीवरचे बास्केटबॉल खेळली, आणि १९९७ साली युरोपीय विजेतेपद मिळविणाऱ्या डच संघात होती. खुर्ची वळवणे, थांबवणे, पुन्हा वेग घेणे हे तिथे अंगवळणी पडते. चाकाच्या खुर्चीवरच्या टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे मिळतात, आणि दुसरा टप्पा मैदानाबाहेर पडला तरी चालतो. नियमातला फरक जवळजवळ एवढाच. ही सवलत वाचून आपल्याला वाटते की खेळ सोपा झाला असावा. ज्याला तसे वाटत असेल, त्याने हातात रॅकेट धरून त्याच हाताने चाक ढकलून पाहावे. आणि जी खेळाडू चेंडू पहिल्याच टप्प्यावर गाठते, ती समोरच्या बाईचा खुर्ची वळवण्याचा वेळ हिरावून घेते. उच्च दर्जाच्या खेळात झुंज असते ती या वेळेसाठी.

व्हर्गीर ३० जानेवारी २००३ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएला दि तोरोकडून हरली. त्यानंतर २०१३ च्या फेब्रुवारीत निवृत्ती जाहीर करेपर्यंत ती एकेरीचा एकही सामना हरली नाही. सलग ४७० विजय. सिडनी, अथेन्स, बीजिंग आणि लंडन अशी ओळीने चार पॅरालिम्पिक एकेरी सुवर्णपदके. हे आकडे सांगताना आवाज कापरा करायचा आणि 'प्रेरणादायी' म्हणून पुढे जायचे, अशी रीत आहे. कोणताही जाणता क्रीडासमीक्षक अशा आकड्यांसमोर प्रथम संशयाने उभा राहील. दहा वर्षे जिला कुणी हरवू शकत नाही, ती थोर असते की तिच्यासमोरचे क्षेत्र उथळ असते? पुरुषांच्या वा स्त्रियांच्या (ज्याला आपण नि:शंकपणे 'नेहमीचे' म्हणतो त्या) टेनिसबद्दल हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवरसुद्धा विचारतो. व्हर्गीरबद्दल तो विचारणे मात्र आपल्याला अशिष्ट वाटते. आमच्या मते तो न विचारणे हाच खरा अपमान आहे.

प्रश्न विचारला की उत्तरही गुंतागुंतीचे मिळते. क्षेत्र लहान होते, यात शंका नाही. ग्रँड स्लॅम स्पर्धांत स्त्रियांच्या या एकेरीत अनेक वर्षे अवघ्या आठ खेळाडूंना प्रवेश असे. म्हणजे पहिली फेरी हीच उपांत्यपूर्व फेरी. विम्बल्डनने तर गवतावर खुर्ची नीट चालत नाही या समजापायी एकेरी सुरू केली ती २०१६ साली, व्हर्गीर निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी. शिवाय पॅरालिम्पिकची विजेत्यांची यादी पाहावी. १९९२ मध्ये बार्सिलोनात या खेळाला पदकाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून मोनीक व्हान डेन बॉश, माइके स्मित, मग चार वेळा व्हर्गीर, यिस्के ग्रिफ्यून आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत डीडे द ग्रूट : आठ स्पर्धा, आठही सुवर्णे एकाच छोट्या देशाची. द ग्रूटही वुर्डेनचीच, हे तर कादंबरीत कुणी लिहिले असते तर आम्ही समासात 'योगायोग अतिरेकी' असा शेरा मारला असता. अशी यादी एकट्या व्यक्तीच्या जिद्दीने तयार होत नाही. त्यामागे प्रशिक्षक लागतात, खुर्च्या लागतात, खुर्ची आत नेता येईल अशी क्लबांची दारे लागतात. 'जिद्द' या शब्दाने या सगळ्यावर पडदा पडतो, आणि ते आपल्या सोयीचेही असते; कारण जिद्दीची जबाबदारी खेळाडूची, दाराची जबाबदारी आपली.

परंतु क्षेत्र लहान होते म्हणजे आव्हान नव्हते, असे नाही. २००८ च्या बीजिंग अंतिम सामन्याकडे पाहावे. समोर कोरी होमान, तीही डच. पहिला सेट व्हर्गीरने ६-२ असा घेतला, दुसरा होमानने ६-४ असा. तिसऱ्यात होमान विजयापासून एका गुणावर येऊन पोहोचली. ४७० सामन्यांच्या त्या प्रदीर्घ मालिकेत पराभव इतका जवळ फक्त त्या दिवशी आला. व्हर्गीरने तो गुण वाचवला आणि सेट टायब्रेकवर ७-५ असा जिंकला. त्याच स्पर्धेतील दुहेरीत होमान आणि शॅरन वालराव्हेन यांनी व्हर्गीर-ग्रिफ्यून जोडीला हरवून सुवर्ण मिळविले. ४७० हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. होमानचे नाव क्वचितच. तिला वगळले की व्हर्गीरचा विजयही पोकळ होतो, आणि पुन्हा तेच 'अपंगत्वावर मात' उरते.

द ग्रूटच्या बाबतीत हा दोष थोडा कमी झाला, कारण तिला युई कामिजी भेटली. द ग्रूटने २०२१ साली चारही ग्रँड स्लॅम आणि पॅरालिम्पिक सुवर्ण असे सगळेच जिंकले. २०२२ आणि २०२३ मध्येही चारही ग्रँड स्लॅम तिचेच. टोकियोत अंतिम फेरीत कामिजी तिच्याकडून ६-३, ७-६ अशी हरली होती. ६ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये, रोलाँ गारोच्या लाल मातीवर, पहिला सेट गमावूनही कामिजीने ४-६, ६-३, ६-४ असा विजय मिळविला. डच मक्तेदारी ३२ वर्षांनी संपली. दुहेरीचे सुवर्णही कामिजी आणि मानामी तानाका यांनी द ग्रूट आणि अनीक व्हान कोट यांच्याकडून खेचून घेतले.

आणि तरीही या खेळाला अंगणात घेताना यजमान अजून चाचरतातच. २०२० मध्ये साथीचे कारण पुढे करून अमेरिकन ओपनने आधी ही स्पर्धा परस्पर गाळली, खेळाडूंना विचारलेसुद्धा नाही. ऑस्ट्रेलियाच्या डिलन ऑल्कॉटने आणि इतरांनी जाहीर निषेध केल्यावर काही दिवसांतच ती परत घेतली गेली. त्या वेळी कुणी 'प्रेरणा' हा शब्द वापरल्याचे आमच्या वाचनात नाही. मुद्दा व्यवसायाचा होता : क्रमवारीचा, बक्षिसाच्या रकमेचा आणि न विचारता घेतलेल्या निर्णयाचा.

२०२५ साली कामिजीने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. विम्बल्डन मात्र चीनच्या वांग झियिंगने नेले. डावखुऱ्या कामिजीला मातीवर आणि कठीण पृष्ठभागावर जे साधते, ते गवतावर का साधत नाही? चेंडू तिथे खाली राहतो म्हणून, की चाक जड जाते म्हणून, की केवळ दोन-तीन दिवस वाईट गेले म्हणून? यावर कुणी मराठीत दोन परिच्छेद लिहिले, तर आम्ही ते आनंदाने वाचू, आणि पटले नाही तर भांडूही.