अन्नशास्त्र मुलींचेच का?

दहावीचा निकाल लागला की पुढे कोणते विषय घ्यावेत, याची चर्चा घरोघरी सुरू होते. आपल्या राज्यातील काही कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला अन्नशास्त्र हा विषयही घेता येतो. परंतु त्याचे नाव काढताच पुष्कळ लोक हसतात. "स्वयंपाक तर अम्मीकडूनही शिकता येतो, त्यासाठी कॉलेजात कशाला जायचे?" असे ते विचारतात. मुलगे तर हा मुलींचा विषय समजून त्याकडे फारसे वळत नाहीत. मला ही समजूत चुकीची वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, अन्न कसे शिजवावे हे आपण घरी शिकतो. ते शरीरात गेल्यावर काय होते, हे मात्र अन्नशास्त्र शिकवते. तुमच्या आवडीच्या खिचड्याचेच उदाहरण घ्या. त्यात गहू, डाळ आणि गोश्त एकत्र शिजते. गव्हाच्या प्रथिनांतील उणीव डाळीची प्रथिने भरून काढतात. गोश्तातील लोह शरीर सहज शोषून घेते. शिवाय गोश्तामुळे गहू-डाळीतील लोहही अधिक मिळते. वर लिंबू पिळले, तर त्यातील 'क' जीवनसत्त्वाचीही मदत होते. पण जेवणानंतर लगेच चहा प्यायला, तर हा फायदा कमी होतो. कारण चहातील काही घटक लोह शोषू देत नाहीत. दादी-नानींनी खिचड्याची कृती अनुभवाने जपली. तिचे कारण शास्त्राने सांगितले.

हे ज्ञान जीव वाचवणारे आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर बेरीबेरी या रोगाने माणसे मरत होती. आइकमन या डच डॉक्टरांना दिसले की, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांनाही तसाच रोग होतो आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कार्यासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्या देशाकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १०० पैकी सुमारे ३१ होते. रक्तक्षयाने थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही.

कोणी म्हणेल, "गरिबाला शास्त्र काय कामाचे?" गरिबी हे मोठे कारण आहे, हे खरेच. नुसत्या पुस्तकाने पोट भरत नाही. तरी चणे, बाजरी, नाचणी, पेरू या महाग वस्तू नव्हेत. हातात पैसा थोडा असेल, तर तो कशावर खर्च करावा हे कळणे अधिकच जरूरीचे असते. शिवाय अनेक घरांत मुली व स्त्रिया सर्वांच्या शेवटी जेवतात. हा दोष गरिबीचा नाही, रीतीचा आहे.

म्हणूनच हा विषय मुलांनीही शिकावा. बाजारातून सामान बहुधा तेच आणतात, उद्या घरखर्चही तेच चालवतील. शिवाय पुढे शिकल्यास आहारतज्ज्ञ होता येते, अन्नप्रक्रिया उद्योगात किंवा अन्नाच्या तपासणीत काम करता येते.

विषय निवडायला अजून अवकाश आहे. पण आज रात्री दस्तरखानावर बसाल, तेव्हा एवढे जरूर पाहा: अम्मी आणि बहीण केव्हा जेवतात, आणि त्यांच्या वाट्याला काय उरते?