आधी इसार, मग बँक? सोलापुरात घर घेताना पैसा इथंच अडकतो

सोलापूर : पोरांच्या शिक्षणासाठी सोलापुरात एक घर असावं, म्हणून मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची माणसं शहराच्या कडेला घरं-प्लॉट बघत फिरतात. घर पसंत पडलं की लाख-दोन लाख इसार देऊन मोकळं व्हायचं आणि मग बँकेत जायचं, असंच बहुतेक जण करतात. बँकेनं कर्ज नाकारलं की घर जातं आणि इसारासाठी हेलपाटे सुरू होतात.

बँक घराआधी कागद बघते. कर्ज फिटेपर्यंत घर तिच्याकडं गहाण असतं. हप्ते थकले तर तेच विकून वसुली करायची असते. ज्याची खरेदी कायद्यानं होत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही.

सगळ्यात जास्त गोची होते गुंठेवारीत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. जिल्ह्यात जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठ्यांच्या आतला तुकडा विकता येत नाही, असं २०२३ मध्ये ठरलं. तरीही नोटरीवर व्यवहार होत राहिले. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. त्यावर सातबाऱ्याला नाव लागत नाही. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली. पण घोषणेनं प्रत्येक प्लॉट आपोआप कायदेशीर होत नाही. त्या प्लॉटचं नियमितीकरण होऊन नाव लागलंय का, हे बघावंच लागतं.

गावठाणातल्या घराचंही तसंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. म्हणून २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर ते जपून ठेवावं.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतं. म्हणजे किमान १० टक्के पदरचे, वर मुद्रांक शुल्क. घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे. ‘वरचे रोख द्या’ म्हणणाऱ्याच्या त्या रकमेवर बँक कर्ज देत नाही.

१० लाख कर्ज, ९ टक्के व्याज धरलं तर २० वर्षांचा हप्ता साधारण ९ हजार होतो आणि एकूण साडेएकवीस लाख भरावे लागतात. मुदत १५ वर्षं केली तर हप्ता साडेअकराशेनं वाढतो, पण तीन लाखांवर वाचतात.

शेतकऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. उसाचं बिल वर्षातून एकदा येतं, तेही लांबतं. हप्ता मात्र दर महिन्याला. पीककर्जाला हंगामाचा हिशेब असतो, गृहकर्जाला नसतो. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत जातं आणि पुढं ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. म्हणून हप्ता दुधाच्या पगारातून किंवा नोकरीच्या पैशातून निघेल एवढाच धरावा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवले तर आणखी बरं.

मग क्रम कसा असावा? आधी बँकेत जाऊन आपल्याला किती कर्ज बसतं ते विचारायचं. सिबिल तिथंच कळतं. दुसऱ्याला जामीन राहिलेलं कर्जही त्यात दिसतं. मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए आदेश, मंजूर लेआउट आणि बांधकाम परवाना घेऊन वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च काढायचा. त्यानंतरच इसार. इसारपावतीत ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ हे लिहून घ्यायचं. शेवटी दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत आणि इंडेक्स-२.

कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

वकिलाच्या सर्चला काही हजार जातात. ते वाचवायला गेलं की लाखांचा इसार अडकतो.